हस्तसंकेत व भाषा

हस्तसंकेत व भाषा : हाताच्या हालचालींनी आशय व्यक्त करण्याच्या प्रकारांना हस्तसंकेत म्हणतात. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : बोलताना सहजपणे होणारे हातवारे, शब्दांऐवजी योजलेल्या ठराविक खुणा आणि स्वतंत्र व्याकरण असलेली खुणांची भाषा. बोटांच्या खुणांनी बोलण्याच्या जुन्या युक्तीला मराठीत ‘करपल्लवी’ म्हणतात. मुंबईच्या शेअरबाजारात संगणकीकृत व्यवहार सुरू होईपर्यंत (१९९५) दलाल आरोळ्यांच्या जोडीने हाताच्या खुणांनीही सौदे करीत.

हस्तसंकेत वाणीला पूरक की मारक, हा वाद कर्णबधिरांच्या शिक्षणात विशेष महत्त्वाचा ठरला. मिलान येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने (१८८०) खुणांऐवजी मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८८५ च्या सुमारास, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत निघाली. पुढे ती माझगाव येथे स्थिरावली. विसाव्या शतकात देशातील बहुतेक शाळांतून मौखिक पद्धतीचेच प्राबल्य राहिले. खुणांची सवय लागल्यास मूल बोलावयास शिकत नाही, अशी त्यामागील धारणा होती. तथापि वर्गात निषिद्ध ठरलेल्या खुणा मुले वर्गाबाहेर एकमेकांकडून शिकत राहिली.

अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये खुणांच्या भाषेला स्वतःची रचना असते, हे दाखवून दिले. मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड प्रभृतींनी १९७० नंतरच्या दशकात मुंबई, दिल्ली, कलकत्ता व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे ७५ टक्के खुणा परस्परसंबद्ध आढळल्या.

विचार व हस्तसंकेत यांचा निकट संबंध पुढील संशोधनाने स्पष्ट झाला. जन्मांध व्यक्तीही बोलताना हातवारे करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. ज्याने हातवारे कधी पाहिलेच नाहीत, तोही ते करतो. अर्थात ते केवळ अनुकरण नसून विचार शब्दबद्ध करण्याच्या क्रियेचाच भाग होत. ज्या मुलाला वाणी पुरेशी अवगत होत नाही आणि खुणांची भाषाही शिकविली जात नाही, ते योग्य वयात कोणत्याच भाषेला पारखे होते व त्याच्या बौद्धिक विकासात अडथळा येतो.

वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८३) २००१ मध्ये भारतीय खुणांच्या भाषेसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने (२०१६) या भाषेला संदेशवहनाचे माध्यम म्हणून मान्यता दिली.