कपड्यावरील शाईचा डाग कसा काढावा?

शाळेच्या पांढऱ्या शर्टावर शाई सांडली, तर आधी शाई कोणती ते पाहा. फाउंटन पेनची शाई पाण्यात विरघळते. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनची दौतीतली शाई याच प्रकारची. असा ताजा डाग लगेच गार पाण्याखाली धरा, मग साबण लावा.

बॉलपेनची शाई तेलकट असल्याने पाण्याने निघत नाही. डागाखाली जुने फडके ठेवा आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझरमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपत राहा. चोळू नका, डाग पसरतो. कापूस बदलत राहा. रंगीत कपडा असल्यास आधी आतल्या शिवणीवर तपासून पाहा. स्पिरिट पेट घेते, म्हणून गॅसपासून लांब बसा.

डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका. उष्णतेने तो पक्का बसतो.