शहरातली मजा कशी मोजायची?

२०१८ साली केंद्र सरकारने १११ शहरांचा राहणीमान निर्देशांक जाहीर केला. निकष ७८. पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी. यादीत स्मार्ट सिटी योजनेतली आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे होती. आमचे बीड मोजणीतच नव्हते.

बीडची जुनी मोजपट्टी मात्र त्याच्या नावातच सापडते. अरबीत ‘बीर’ म्हणजे विहीर. इथे थोडे खणताच पाणी लागले, म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पाणी मिळेल तिथे मुक्काम सुखाचा, हे त्या काळचे माप त्यात दिसते.

सोळाव्या शतकात निजामशाहीतल्या सलाबतखानाने शहराबाहेर खजाना बावडी बांधवली. तिचे पाणी भुयारी पाटाने बलगुजारच्या शेतांत जाई. कंकालेश्वराचे मंदिर तर कुंडाच्या मधोमध उभे आहे. महाशिवरात्रीची जत्रा आणि शहेनशाह वलींचा उरूस, दोन्हींत बीडकर रमतात. इथे मजा कमी नाही.

तरीही दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातले लाखो ऊसतोड मजूर बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. म्हणून मला ७८ निकषांत आणखी एक हवा आहे: गावात राहावेसे वाटूनही किती जणांना ते सोडावे लागते? हा प्रश्न विचारला, तर बीडला यादीबाहेर ठेवता येणार नाही.