स्वस्त पेल्याचा इतिहास : कॉर्फू शहर

परक्या गांवीं गेलेल्या प्रवाशाला पहिल्याच दिवशीं दोन प्रश्न पडतात. रात्रीं अंग टाकावयाचें कोठें, हा एक. आणि खिशाला झळ न लागतां घसा ओला करावयाचा कोठें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर प्रवाशांच्या माहितीपुस्तकांत सांपडतें. दुसऱ्याचें मात्र ज्याचें त्यानें गल्लीबोळांतून हिंडून शोधावें लागतें. आज मी आपणांस अशा एका शहरांत नेणार आहें, कीं जेथें हें उत्तर शोधतां शोधतां सहाशें वर्षांचा इतिहास हातीं लागतो.

तें शहर म्हणजे ग्रीसच्या पश्चिमेस आयोनियन समुद्रांत वसलेलें कॉर्फू. ग्रीक लोक त्यास केर्किरा म्हणतात. बेटाचें नांव आणि बेटावरील मुख्य शहराचें नांव एकच. प्रारंभींच एक खुलासा केलेला बरा. मद्यपानाची तरफदारी करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. ‘पेला’ हा शब्द मी येथें व्यापक अर्थानें योजीत आहें. त्यांत द्राक्षाचें मद्य येतें, तशी कॉफी येते, आल्याचें पेय येतें आणि साधें पाणीहि येतें. राजवाडे आणि किल्ले पाहिले म्हणजे राज्यकर्ते कोण होते तें कळतें. परंतु हमाल, खलाशी, कारकून आणि शिपाई संध्याकाळीं काय पीत होते, आणि तें पिण्यासाठीं त्यांना कोठें बसूं देत होते, हें पाहिल्यावांचून शहराची खरी ओळख पटत नाहीं.

कॉर्फूवर १३८६ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे चारशें अकरा वर्षें, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची सत्ता होती. ग्रीसचा बहुतेक मुलूख तुर्कांच्या हातीं गेला. पण १५३७ आणि १७१६ सालचे तुर्कांचे दोन मोठे वेढे सोसूनहि हें शहर पडलें नाहीं. या संरक्षणाची किंमत मात्र शहराला जागेच्या रूपानें द्यावी लागली. तटाच्या आंत जमीन थोडी आणि वस्ती दाट. मग घरें आडवीं पसरावयाच्या ऐवजीं उभीं चढत गेलीं, आणि त्यांच्यामधून दोन माणसें जेमतेम खांद्याला खांदा लावून जातील एवढेच बोळ उरले. आपल्या पुण्यांतील जुन्या पेठांचे बोळ डोळ्यांसमोर आणा. मात्र त्यांच्या दोहों बाजूंस चार-पांच मजल्यांचीं घरें उभीं करा, आणि वर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगा बांधा. या बोळांस तेथें ‘कांतूनिया’ म्हणतात. शब्द ग्रीक तोंडांत रुळलेला असला तरी मूळचा व्हेनिसचा.

स्वस्त पेल्याचें घर तें हेंच. अशा बोळांतील तळमजल्याच्या खोलींत, पिंपें मांडून, चार बांकें टाकून चालणारीं दुकानें ही ग्रीसची फार जुनी रीत आहे. प्राचीन ग्रीक भाषेंत अशा गुत्त्याला ‘कापीलिओन’ म्हणत. पुढें लॅटिन भाषेंतून आलेला ‘ताव्हेर्ना’ हा शब्द रूढ झाला. तेथील मद्याला बाटली नाहीं, चिठ्ठी नाहीं, कीं नांव नाहीं. पिंपाची तोटी सोडावयाची आणि टिनाच्या मापांत भरून द्यावयाचें. गंमत अशी, कीं हें मद्य विकतात वजनावर. गिऱ्हाईक किलो, अर्धा किलो किंवा पाव किलो मद्य मागतें! १९५९ सालीं दशमान मापें सक्तीचीं होईपर्यंत ‘ओका’ नांवाचें तुर्की वजन ग्रीसमध्यें चालत होतें. एक ओका म्हणजे सुमारें बाराशें ऐंशी ग्रॅम. पाव मापाच्या टिनाच्या भांड्याला ‘कात्रूत्सो’ म्हणतात, आणि तो शब्द इटालियन भाषेंतील ‘पाव’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. वजन तुर्कांचें, भांड्याचें नांव इटलीचें आणि पिणारा ग्रीक! एवढ्याशा टिनाच्या भांड्यांत तीन संस्कृति कशा नांदतात तें पाहा.

व्हेनिसच्या सरकारला मद्यापेक्षां तेलाची गरज अधिक होती. म्हणून ऑलिव्हचीं झाडें लावणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारनें रोख बक्षिसें दिलीं. त्याचा परिणाम असा झाला, कीं आज बेटावर जिकडे पाहावें तिकडे ऑलिव्हचीं दाट रानें दिसतात, आणि द्राक्षांचे मळे मागें पडले. तरीहि एक पांढरें द्राक्ष तेथें टिकून राहिलें. त्याचें नांव ‘काकोत्रिगिस’, म्हणजे ‘तोडावयास त्रासदायक’. शेतकऱ्यानें वैतागून ठेवलेलें हें नांव त्या द्राक्षाच्या कपाळीं कायमचें बसलें आहे.

तटाच्या आंत पाण्याचीहि टंचाईच होती. शहरांतील क्रेमास्ती नांवाच्या चौकांत १६९९ सालीं बांधलेली एक दगडी विहीर अजून उभी आहे. कोरीव कांठाची ती विहीर आज शोभेची वस्तु झाली आहे. परंतु ज्या काळीं ती बांधली, त्या काळीं भोंवतालच्या घरांना ती मोठा आधार असली पाहिजे. मद्य महाग झालें तर माणूस चुकवूं शकतो. पाणी महाग झालें तर काय करावें?

व्हेनिसच्या अमदानींत आणखी एक भिंत होती, आणि ती दगडाची नव्हती. सरदार घराण्यांचीं नांवें एका वहींत लिहिलेलीं असत. त्या वहीला ‘सोनेरी पुस्तक’ म्हणत. ज्याचें नांव त्या पुस्तकांत त्याला मान, अधिकार आणि नगराच्या कारभारांत जागा. ज्याचें नाहीं त्यानें बोळांतील बांकावर बसावें. १७९७ सालीं नेपोलियननें व्हेनिसचें राज्य बुडविलें आणि फ्रेंच सैन्य कॉर्फूंत उतरलें. त्यांनीं भर चौकांत स्वातंत्र्यवृक्ष रोवला आणि तें सोनेरी पुस्तक जाळून टाकलें. बोळांतल्या बांकांवर त्या रात्रीं काय काय बोलणें झालें असेल, याची कल्पना आपणच करावी.

दोनच वर्षांत रशिया आणि तुर्कस्तान यांच्या आरमारांनीं फ्रेंचांना घालवून दिलें. १८०७ सालीं फ्रेंच परत आले, आणि त्यांच्या या दुसऱ्या अमदानींत शहराच्या मोठ्या मैदानाच्या कडेला एक सुंदर इमारत उभी राहूं लागली. या मैदानाला ‘स्पियानादा’ म्हणतात. किल्ल्यावरील तोफांना शत्रु स्पष्ट दिसावा म्हणून व्हेनिसच्या लोकांनीं तें मोकळें ठेविलें होतें. पॅरिसच्या रिव्होली रस्त्यावरील कमानींचा नमुना पुढें ठेवून फ्रेंच कारभारी मात्यो द लेसेप्स यानें हें काम हातीं घेतलें. सुएझचा कालवा खणणाऱ्या प्रसिद्ध लेसेप्सचा हा बाप. त्या कमानींच्या ओळीला ‘लिस्तोन’ म्हणतात, आणि तिच्या छायेंत आज शहरांतील सर्वांत दिमाखाचीं कॉफीगृहें आहेत. सोनेरी पुस्तकाच्या ‘लिस्ट’मध्यें ज्यांचीं नांवें, त्यांनाच येथें फिरण्याची मुभा होती, म्हणून हें नांव पडलें, असें तेथें सर्रास सांगतात. खरें पाहतां व्हेनिसच्या बोलींत फरसबंदीच्या पट्ट्याला ‘लिस्तोन’ म्हणतात, आणि नांवाचें मूळ तेंच आहे. पुस्तक तर इमारतीच्या आधींच जळालें होतें. तरी लोकांनीं ही व्युत्पत्ति सोडली नाहीं. कारण ती शब्दाच्या दृष्टीनें चुकीची असली तरी अनुभवाच्या दृष्टीनें त्यांना पटते. नांवांची यादी जळाली. तिच्या जागीं किमतींची यादी आली. त्या खुर्चींत बसावयाचें म्हणजे जागेचेहि पैसे मोजावयाचे.

नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ सालच्या पॅरिसच्या तहानें, हीं बेटें इंग्रजांच्या संरक्षणाखालीं गेलीं, आणि १८६४ पर्यंत तशींच राहिलीं. येथून पुढची कथा आपणांस कांहींशी घरची वाटेल. पहिला लॉर्ड हाय कमिशनर सर थॉमस मेटलंड हा आधीं सिलोनचा गव्हर्नर होता. त्याच्यामागून आलेला सर फ्रेडरिक ॲडम हा येथून १८३२ सालीं गेला तो थेट मद्रासचा गव्हर्नर होऊन. म्हणजे आपल्याकडे राज्य करणारी माणसें आणि तेथें राज्य करणारी माणसें एकाच कारखान्यांतून निघत होतीं. संरक्षणाच्या नांवाखालीं चाललेल्या या कारभारावर तेथील लोकहि नाखूष होते, आणि ग्रीसमध्यें सामील होण्याची मागणी ते अखंड करीत होते.

परंतु इतिहासानें ज्याचें माप त्याच्या पदरांत घातलें पाहिजे. ॲडमनें शहराच्या दक्षिणेस सुमारें १२ किलोमीटरांवर असलेल्या बेनित्सेस गांवच्या झऱ्यांचें पाणी नळानें शहरांत आणिलें. हें काम १८३१ सालीं पुरें झालें. आज राजवाड्यासमोर त्याचा पुतळा आहे आणि त्याच्या पायाशीं पाण्याचें एक कुंड आहे. पुतळा घडविणारा शिल्पकार पाव्लोस प्रोसालेंदिस हा कॉर्फूचाच. परक्या अधिकाऱ्याचा पुतळा एखादें स्वाभिमानी शहर सहसा जपत नाहीं. हा जपला गेला, यांत त्या पाण्याचा वांटा असला पाहिजे, असें मला वाटतें.

इंग्रज फौजेबरोबर दुसरें एक पेय आलें आणि तें तेथलेंच होऊन बसलें. त्याचें नांव ‘त्सित्सिबीरा’. नांव कानाला चमत्कारिक वाटतें. पण दोनदां उच्चारून पाहा, म्हणजे ‘जिंजर बिअर’ हे इंग्रजी शब्दच ग्रीक जिभेवर कसे वितळले आहेत तें ध्यानांत येईल. आलें, लिंबू, साखर आणि पाणी उकळावयाचें, तें थोडें आंबूं द्यावयाचें आणि घट्ट बुचाच्या बाटल्यांत भरून थंड जागीं ठेवावयाचें. मुंबईच्या इराण्याच्या दुकानांत ज्यांनीं ‘जिंजर’ मागविलें असेल, त्यांना या पेयाची जात ओळखूं येईल. मात्र कॉर्फूचें पेय गढूळ, लिंबाच्या वासाचें आणि अधिक तिखट असतें. लिंबू बेटावरचेंच, बनविण्यास यंत्र नको, आणि चढण्याइतकें मद्य त्यांत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत आबालवृद्धांना परवडणारें तें पेय झालें.

आतां या शब्दाचा प्रवास पाहा. संस्कृतांत आल्याला ‘शृंगवेर’ म्हणतात, पालींत ‘सिंगिवेर’. हा शब्द मुळांत द्राविड भाषांतून आला असावा, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून मिऱ्यांबरोबर आलें आणि सुंठ पश्चिमेकडे गेलीं, तेव्हां हें नांवहि बरोबर गेलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत डायोस्कोरिडीझ नांवाच्या ग्रीक वैद्यानें आपल्या ग्रंथांत आल्याचें वर्णन ‘झिंगिबेरिस’ या नांवानें केलें आहे. ग्रीकांतून तें लॅटिनमध्यें, लॅटिनमधून फ्रेंचांत आणि तेथून इंग्रजींत जाऊन ‘जिंजर’ झालें. आणि मग अठराशें वर्षांनंतर, इंग्रज शिपायाच्या बाटलींतून तोच शब्द पुन्हां ग्रीकांच्या घरीं आला. परंतु वेश इतका बदललेला, कीं घरच्यांना ओळख पटली नाहीं! आपल्या किनाऱ्यावरून निघालेला हा शब्द आज कॉर्फूच्या बाकावर बसून लिंबाबरोबर फेसाळत आहे.

१८६४ सालच्या मे महिन्यांत हीं बेटें ग्रीसला मिळालीं. जाण्यापूर्वीं इंग्रजांनीं कांहीं तटबंदी पाडून टाकली. क्रिकेट मात्र मागें राहिलें, आणि आल्याचें पेयहि राहिलें. पुढें याहून भयंकर काळ आला. १९४३ च्या सप्टेंबरांत जर्मनांनीं शहरावर बाँब टाकले. त्यांत १८२४ सालीं स्थापन झालेल्या आयोनियन विद्यापीठाची इमारत, सार्वजनिक ग्रंथालय आणि नगर-नाट्यगृह जळून गेलें. १९४४ च्या जूनमध्यें शहरांतील सुमारें दोन हजार ज्यू नागरिकांना पकडून नेलें, आणि त्यांतील बहुतेकांचा अंत आउश्विट्झच्या छावणींत झाला. शतकानुशतकें ज्या मोहल्ल्यांत त्यांचीं घरें व दुकानें होतीं, तेथील बांकें एका महिन्यांत ओस पडलीं. शहरें पुन्हां बांधतां येतात. २००७ सालीं युनेस्कोनें या जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादींत स्थानहि दिलें. परंतु रोज संध्याकाळीं शेजारीं बसणारा माणूस कोणत्याहि यादीनें परत येत नाहीं.

मग आज तेथें जाणाऱ्या मध्यम स्थितींतील प्रवाशानें काय करावें? मी म्हणेन, लिस्तोनच्या कमानींखालीं एकदां अवश्य बसावें, एक कॉफी सावकाश घ्यावी आणि ती इतिहासाची दक्षिणा समजून पैसे द्यावेत. नंतर उठून मागच्या बोळांत शिरावें. जेथें दारावरील पत्रक ग्रीक लिपींत आहे, म्हातारीं माणसें बसलेलीं आहेत आणि मद्य टिनाच्या मापांत येत आहे, तेथें थांबावें. पत्रकांतील किंमत आधीं वाचावी, आणि शेवटीं पावती मागावी. पावती न मिळाल्यास गिऱ्हाइकावर पैसे देण्याचें बंधन नाहीं, असें ग्रीसमध्यें दुकानांच्या पत्रकांवरच छापलेलें असतें. मद्य नको असेल त्यानें त्सित्सिबीरा मागावा.

शहराच्या दक्षिणेस, समुद्राच्या कांठीं, कार्दाकी नांवाचा एक झरा आहे. त्याचें पाणी जो परका पितो तो आपलें घर विसरतो आणि परत जात नाहीं, अशी आख्यायिका आहे. व्हेनिसचे सरदार, फ्रेंच सेनापति आणि इंग्रज गव्हर्नर यांनीं तें पाणी प्यालें नसावें. कारण ते सगळे परत गेले. मागें राहिलें तें त्यांचें भांडें, त्यांची कमान आणि त्यांची आल्याची बाटली. आणि बोळांतील बांकावर बसणाऱ्या माणसानें तीं सगळीं आपलीं करून टाकलीं.