साठीतला रॅप

साठीनंतर माणसाला कशाचा ना कशाचा नाद लागतोच. कुणाला हास्यक्लबाचा, कुणाला होमिओपॅथीचा. मला रॅपचा लागला. हे कळल्याबरोबर आमच्या सौ.नी शेजारी सांगून टाकलं, "यांना हल्ली ऐकायला कमी येतं, म्हणून मोठ्यानं लावतात." अब्रू वाचवायची त्यांची ही रीत.

मी मूळचा धामणगाव रेल्वेचा. वऱ्हाडात धामणगावं बरीच. एक गढीचं, एक बढ्यांचं. आमच्या वाट्याला रेल्वे आली. त्यामुळे पुण्यात मी सदतीस वर्षं नोकरी केली तरी निम्म्या लोकांना मी रेल्वेतच होतो असं वाटतं. रात्री मालगाडी निघाली की आम्ही पोरं अंथरुणासकट एका ठेक्यात हलायचो. तालाचं शिक्षण हे असं फुकटात झालं. दुसरी गुरू खंजिरी. तुकडोजी महाराजांचं मोझरी आमच्याच जिल्ह्यातलं. महाराज १९६८ साली गेले, पण खंजिरीच्या ठेक्यावर माणसाला चार खडे बोल सुनावता येतात, हे आमच्या भागाला शिकवून गेले. रॅप तरी याहून वेगळं काय करतो?

त्याचा इतिहास मात्र एका बहिणीच्या कपड्यांपासून सुरू होतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. तिनं ११ ऑगस्ट १९७३ रोजी इमारतीच्याच सभागृहात नाचाची पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या लावायला घरचाच भाऊ, कूल हर्क. गाणारा गप्प होतो आणि नुसता ढोल वाजतो, त्या तुकड्यावर पोरं बेभान होतात, हे त्यानं हेरलं होतं. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. वरून माइकवर बोलणं. भजनात बुवा दम खातात आणि मृदंगवाला भाव खातो, तसा प्रकार. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' जगभर वाजलं. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅशच्या मंडळींचं 'द मेसेज' आलं आणि पडक्या वस्तीतलं जिणं गाण्यात शिरलं. माझ्या लेखी खरा रॅप तिथून सुरू.

आपल्याकडे १९९२ साली बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' आलं. कॅसेट मीही घेतली होती. ठेका व्हॅनिला आइसकडून घेतलेला. त्यानं तो क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१च्या गाण्यातून घेतलेला. शेजारून आणलेली साखर पलीकडच्या शेजाऱ्याला द्यावी तसा मामला! पण चहा गोड झाला.

पुढचं शिक्षण पुतण्याच्या मोबाइलवर. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या पोरांनी 'मेरे गली में' केलं. २०१९ साली 'गली बॉय' सिनेमा निघाला. पण माझा लाडका अल्बम 'स्वदेसी' मंडळींचा, २०२० सालचा 'चेतावनी'. त्यांच्यात एमसी मवाली मराठीत बोलतो. तोडफोड नावाचा गुणी पोरगा गुजरातीतही बोलायचा. तो २०२२ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला, आणि मी नातेवाइकासारखा हळहळलो. २०२० सालचाच पुण्याच्या एमसी स्टॅनचा 'तडीपार'. तो ऐकून कळलं, की सदतीस वर्षं राहूनही ते पुणं मला एकदाही दिसलं नव्हतं.

'स्वदेसी'तला एक गडी तर आमच्या अमरावतीचा. नाव लिहिताना आधी शंभराचा आकडा, म्हणजे 'सौ', आणि पुढे इंग्रजी अक्षरांत 'रभ'. झाला सौरभ! अमरावतीचाच दुसरा विपिन तातड. त्यांच्या बोलण्यातला हेल कानावर पडला आणि मी मोबाइल बंद केला. कारण सांगतो.

१९८४ साली नोकरीच्या मुलाखतीत मी म्हणालो, "मले चालते." टेबलापलीकडचे तिघे हसले. नोकरी मिळाली, पण 'मले' मी त्याच टेबलावर ठेवून आलो. पुढे कचेरीतून आईशी फोनवर बोलायचो, तेही "माझं बरं चाललंय, तुला कसं वाटतंय?" असं. आजूबाजूला लोक असत ना! एकदा तिकडून आवाज आला, "कोन बोलून राह्यलं बावा?" तेव्हा मी हसलो होतो. आई गेली आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

निवृत्त होऊन गावी परतलो. यंदा गणपतीच्या मंडपासाठी पुतण्यानं स्वतःचा रॅप लिहिला. कागद घेऊन आला. "काका, तुमी पुन्यात राह्यले, जरा शुद्ध करून द्या ना." मी लाल पेन काढलं. 'पोट्टे'चे 'मुलगे' केले, 'मले'चं 'मला'. पोरगं टाळीच्या ठेक्यावर म्हणायला लागलं. खालच्या ओळीत 'भलेभले' होतं आणि वर माझं 'मला'. डबा रुळावरून उतरला!

"काका, बीट तुटून राह्यला."

ब्रॉन्क्सपासून अमरावतीपर्यंतचा इतिहास पाठ असलेला मी, घरातलाच रॅप मोडून बसलो होतो. निमूटपणे सगळं खोडलं आणि मूळचं परत लिहून दिलं. 'मले' लिहिताना हात किंचित अडला, एवढंच.

रात्री मालगाडी गेली. खिडकीची तावदानं ठेक्यात वाजली. मी कूस बदलली आणि म्हणालो, "मले आता झोप येऊन राह्यली."

सौ. अंधारातच उठून बसल्या. सकाळी शेजारी बातमी पोचली होती: "ऐकायला कमी येत होतंच, आता यांना बोलताही येईना!"