डोकं आपटणाऱ्या मुलाला काय हवं असतं?

बोलता न येणारं एखादं मूल भिंतीवर डोकं आपटून घेतं, स्वतःचाच हात कडकडून चावतं. पाहणाऱ्याचं काळीज हलतं. कुणी ओरडतं, कुणी धावत जाऊन पोटाशी धरतं. यातलं नेमकं काय बरोबर?

अशा मुलांसाठी अमेरिकेत १९६० च्या दशकात एक विद्या आकाराला आली. तिचं नाव उपयोजित वर्तन विश्लेषण. म्हणणं सोपं होतं : वागण्याच्या मागोमाग जे घडतं, त्यानुसार ते वागणं वाढतं किंवा ओसरतं. १९६८ मध्ये या विषयाचं स्वतंत्र नियतकालिकही निघालं.

पण मंडळी, सुरुवातीच्या या इतिहासाला एक काळी बाजू आहे. लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोवास यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांना विजेचे झटके दिले. आपटणं थांबायचं, हे खरं. मात्र जागा बदलली, माणूस बदलला की पुन्हा सुरू! हे त्यांनीच १९६९ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. मूल असं का करतं, हा प्रश्न मागेच राहिला होता.

तो प्रश्न १९८२ मध्ये बाल्टिमोरला ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी चक्क प्रयोगात उतरवला. नऊ मुलं, पंधरा-पंधरा मिनिटांची सत्रं. एकदा मोठं माणूस आपल्या कामात गुंतलेलं. मुलाने स्वतःला मारलं की काळजीने "असं करू नकोस" म्हणायचं. एकदा अभ्यास द्यायचा आणि मारून घेतलं की तो थोडा वेळ थांबवायचा. एकदा मूल एकटंच. आणि एकदा खेळणी, कौतुक, कसलीच सक्ती नाही. जास्त इजा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी मर्यादा आखून दिल्या होत्या.

सहा मुलांचं उत्तर स्पष्ट दिसलं, पण प्रत्येकाचं एकच नव्हतं. पुढे १९९४ मध्ये अशा १५२ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. ३८ टक्क्यांच्या वर लोक नकोशा कामातून सुटण्यासाठी तसं करत होते. साधारण २६ टक्के कुणी लक्ष द्यावं किंवा हवी ती वस्तू मिळावी म्हणून, आणि जवळजवळ तितकेच त्या क्रियेतूनच मिळणाऱ्या संवेदनेसाठी. म्हणजे पोटाशी धरणं एकाला औषध, तर दुसऱ्याचा त्रास वाढवणारं. काम थांबवण्याचंही तसंच.

कवी म्हणून माझं मन रेंगाळतं ते १९८५ च्या एका प्रयोगापाशी. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी चार मुलांना शब्द शिकवले. काम अवघड वाटलं तर मदत कशी मागायची, लक्ष हवं असेल तर काय म्हणायचं, एवढंच. योग्य शब्द हाती आले आणि त्यांचा आकांत कमी झाला. चुकीचे शब्द शिकवले तेव्हा मात्र फरक पडला नाही.

या विद्येवर आजही रोष आहे. निरुपद्रवी हातवारेसुद्धा मोडून काढले, अशी अनेक स्वमग्न प्रौढांची तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते. झटकेही संपले नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये ते वापरात राहिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्या यंत्रावर बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती उठवली. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि २०२४ मध्ये बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला.