लघुपटांचे माहेरघर

चित्रपट जन्माला आला तो लघुपट म्हणूनच. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून जी हलती चित्रे दाखविली, त्यांतील प्रत्येक जेमतेम मिनिटभराचे होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झालेला खेळ याच चिमुकल्या चित्रांचा. आणि आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये कुस्तीचे जे चित्रण केले, तोही लघुपटच. पुढे कथापट लांबत गेले आणि घरातला हा थोरला भाऊ घरातच पोरका झाला.

फ्रान्समध्ये त्याला काही काळ कायद्याचा आधार होता. १९४० च्या कायद्याने एका खेळात दोन मोठे चित्रपट दाखविण्यास बंदी केली. साहजिकच मुख्य चित्रपटाच्या जोडीला लघुपट दाखविला जाऊ लागला. १९५३ मध्ये सरकारने हे छत्र काढून घेतले, तेव्हा चित्रपटकार एकवटले आणि ‘तिसांचा गट’ या नावाने त्यांनी निषेध नोंदविला. नाझी छळछावण्यांवरील ‘रात्र आणि धुके’ हा अर्ध्या तासाचा अविस्मरणीय चित्रपट १९५६ मध्ये देणारे आलँ रेने याच गटातले. या झगड्यातून अनुदान मिळाले खरे. पण अनुदानाने चित्रपट निघतो, प्रेक्षक मिळत नाही. चित्रगृहांतून लघुपट हळूहळू हद्दपार झाला.

त्याला आसरा मिळाला तो पॅरिसमध्ये नव्हे, तर क्लेर्मों-फेराँ या गावी. ज्वालामुखींच्या निद्रिस्त डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले हे गाव. येथले कॅथीड्रल काळ्या लाव्हाच्या दगडाचे. तत्त्वज्ञ पास्काल येथे १६२३ मध्ये जन्मला. आणि अलीकडच्या काळात गावाची ओळख म्हणजे मिशेलिनचा टायरचा कारखाना. चित्रसृष्टीशी या गावाचा संबंध तो काय? परंतु १९७९ मध्ये येथल्या विद्यापीठाच्या चित्रपट मंडळातील विद्यार्थ्यांनी लघुपटांचा एक सप्ताह भरविला. १९८१ मध्ये संस्था स्थापन झाली. गोदारच्या १९८० सालच्या एका चित्रपटाच्या नावावर कोटी करून तिचे नाव ठेवले होते. त्याचा भावार्थ, ‘ज्याला जमेल त्याने लघुपट वाचवावा’! १९८२ पासून स्पर्धा सुरू झाली. ती प्रथम केवळ फ्रान्समधील चित्रपटांची होती. १९८८ मध्ये जगातील इतर देशांनाही दार उघडले.

विद्यार्थ्यांचे उपक्रम बहुधा विद्यार्थ्यांबरोबरच संपतात. पोरे परीक्षा देऊन पांगतात आणि मंडळाच्या पाटीवर धूळ साचते. येथे तसे झाले नाही, याचे कारण पोरांनी गावाला आपलेसे केले. पाचसहा लघुपट एकत्र गुंफून दीडेक तासाचा एक खेळ करावयाचा, म्हणजे एक नावडला तरी पुढचा आवडेल. प्रेक्षकांना मत द्यावयास लावून त्यांच्या पसंतीचे पारितोषिक ठेवावयाचे. शाळांतील मुलांसाठी वेगळे खेळ लावावयाचे. आणि विद्यार्थ्यांचे स्वतंत्र परीक्षक-मंडळ नेमावयाचे. जानेवारीअखेरच्या कडाक्याच्या थंडीत लोक रांगा लावून उभे राहतात. सुमारे दीड लाख वस्तीच्या या शहरात अलीकडच्या महोत्सवांतून दीड लाखांहून अधिक प्रवेशांची नोंद झाली आहे. प्रेक्षकसंख्येत फ्रान्समध्ये कानच्या खालोखाल याच महोत्सवाचे नाव घेतले जाते. मात्र कानला जग येते ते नटनट्यांना पाहण्यासाठी. येथे नामांकित नट नसतात, पडद्यावरचे नाव बहुधा कोणी ऐकलेले नसते, तरीही सभागृह भरते.

२००० मध्ये गावात लघुपटांचे संदर्भकेंद्र उभे राहिले. क्रिस मार्करच्या, जवळजवळ सर्वस्वी स्थिर छायाचित्रांनी रचलेल्या १९६२ सालच्या लघुपटावरून त्याला ‘ला जेते’ हे नाव दिले आहे. विद्यार्थ्यांच्या एका सप्ताहाला अशा रीतीने कायमचे घर लाभले.

कायद्याने लघुपटाला पडदा दिला होता. तो कायद्यानेच काढून घेतला. गावाने त्याला प्रेक्षक दिला, आणि तो मात्र कोणत्याही फर्मानाने काढून घेता आला नाही. आपल्या गावागावांतून चित्रपट मंडळे चालविणाऱ्या उत्साही मंडळींनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.