पाळण्यातले नाव आणि हाकेचे नाव



बारशाला ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने बाळाचे नाव लिहितात. मग आत्या बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्रर्र' करते आणि तेच नाव त्याच्या कानात सांगते. म्हणजे एकच नाव एकदा लिहिले जाते आणि एकदा ऐकवले जाते. एक डोळ्यांसाठी, एक कानासाठी. आपल्या आयाबायांनी हा विधी जपला, त्यात सगळा विचार आलेला आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात सप्ताहांच्या निमित्ताने या देहाकडून अनेक वर्षे कीर्तनसेवा घडली. काला झाला, प्रसाद वाटला, की एखादे तरुण जोडपे तान्ह्या बाळाला पायावर घालायला आणते आणि हटकून विचारते, "महाराज, घरात याला आम्ही सोन्याच म्हणतो. आता कागदावर काय लावू?" कुठे सोन्याच्या जागी बंड्या असतो, कुठे गोलू, कुठे नुसता बाळ. प्रश्न मात्र एकच. हाकेचे नाव प्रेमाने आपोआप आले, मोठे नाव मात्र सापडत नाही. आजी म्हणते देवाचे ठेवा, आई-वडील म्हणतात वर्गात दुसऱ्या कोणाचे नसेल असे ठेवा, आणि पत्रिका सांगणारा एक अक्षर देऊन मोकळा होतो.

आपल्या पूर्वजांनी याचा विचार कसा केला ते आधी पाहू.

गृह्यसूत्रांत नामकरण हा संस्कार आहे. पारस्कर गृह्यसूत्र सांगते की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि त्याचे पहिले अक्षर घोषवर्ण असावे. म्हणजे नाव तोंडाला सोपे आणि कानाला गोड हवे. आश्वलायन गृह्यसूत्रात तर आणखी एक नाव सांगितले आहे. ते मुंजीपर्यंत फक्त आई-वडिलांनाच ठाऊक असायचे. एका मुलाला एकाहून जास्त नावे असणे ही आजची फॅशन नाही, हा धर्मशास्त्राचाच भाग आहे.

पुढे आपल्या पंढरपुरातच काशीनाथ उपाध्यायांनी इ.स. १७९० मध्ये 'धर्मसिंधु' हा ग्रंथ पुरा केला. त्यात बाळाची चार नावे सांगितली आहेत: कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहाराचे एक. महिन्यांची जी बारा नावे परंपरेने चालत आली, ती पाहा: कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरि, योगीश आणि पुंडरीकाक्ष. बाराही महिने एकट्या विष्णूचे! बाळ कोणत्याही महिन्यात येवो, ते हरीच्याच नावात येते. या ग्रंथकर्त्यांना पंढरपूर कोणत्या नावाने ओळखते? बाबा पाध्ये म्हणून. ज्यांनी चार नावांचे शास्त्र लिहिले, ते स्वतः लोकांच्या तोंडी पाचव्याच नावाने राहिले.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. नक्षत्रावरचे नाव आणि व्यवहाराचे नाव शास्त्रानेच वेगळे ठेवले आहे. अश्विनी नक्षत्राला चू, चे, चो, ला ही अक्षरे येतात. म्हणून कागदावरचे नावही 'चू'वरूनच हवे, असा हट्ट धरून घर दोन-दोन महिने अडून बसते. त्याचे कारण नाही. नक्षत्रनाम संकल्पापुरते, पत्रिकेपुरते राहू द्या आणि व्यवहाराचे नाव मोकळ्या मनाने निवडा.

आता संतांच्या घरी चला. दामाशेटी आणि गोणाईच्या पोटी आलेल्या नामदेवरायांना चार मुलगे झाले: नारायण, विठ्ठल, गोविंद आणि महादेव. पण संप्रदाय त्यांना ओळखतो ते नारा, विठा, गोंदा आणि म्हादा म्हणून. हीच हाकेची नावे गाथेत आली आहेत आणि नामदेवरायांच्या परिवाराचे स्मरण करताना आपण तीच घेतो. स्वतः नामदेवराय अभंगाच्या शेवटी 'नामा' एवढीच मुद्रा लावतात. देहूचे तुकोबाराय 'तुका' म्हणवतात. पैठणचे नाथमहाराज 'एका' म्हणवतात आणि त्याला आपल्या गुरूंचे, जनार्दनस्वामींचे, नाव जोडतात. देवापुढे उभे राहताना कोणीही भारदस्त नाव पुढे केले नाही. आईने अंगणातून जी हाक मारली, तीच त्यांनी देवाच्या दारात नेली.

लोकांनी मात्र उलट बाजूने प्रेम केले. ज्ञानदेवांचे ज्ञानोबा झाले, तुकारामांचे तुकोबा, सावता माळ्यांचे सावतोबा, गोऱ्या कुंभाराचे गोरोबा. मुक्ताबाई मुक्ताई झाल्या. आणि विठ्ठलाचा विठोबा झाला, विठू झाला, विठाई झाली. साक्षात परब्रह्माला ज्या लोकांनी लाडाचे नाव ठेवले, त्यांच्या घरात मुलाला लाडाचे नाव असणे यात कमीपणा कसला?

आळंदीची चार भावंडे आठवा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आपल्या फडांवर या नावांचे निरूपण नेहमी होते: आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे पायरी, आणि शेवटी मुक्ती. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंच्या घरात रोज चार हाका मारल्या की परमार्थाची वाट पुरी होत असे. नाव निवडताना अर्थाकडे पाहायचे ते असे.

आपल्याकडे याहून वेगळी नावेही होती. मुले हाती लागत नसत त्या काळी पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू असे ठेवत. दृष्ट लागू नये, काळाने 'हे टाकाऊ आहे' म्हणून सोडून द्यावे, ही आईची केविलवाणी युक्ती. त्या नावांना कोणी हसू नये. त्यामागे रिकामे पाळणे आहेत. नाव साधे असले म्हणून माणूस अडत नाही. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणारे महर्षी कर्वे कागदावर धोंडो केशव होते आणि घरात अण्णा.

इतिहासात हाकेचे नाव कितीदा वरचढ ठरले पाहा. १७३७ साली ठाणे पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतले. त्या साष्टी-वसईच्या मोहिमेचे धनी कागदावर चिमाजी बल्लाळ, पण आपल्याला ठाऊक आहेत ते चिमाजी अप्पा. त्यांचे थोरले बंधू बाजीराव घरात राऊ होते. बाळाजी जनार्दन भानू म्हटले तर दहांतले नऊ जण गप्प बसतील, नाना फडणवीस म्हटले की लगेच ओळखतील. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या एका मुलाचे नाव केशव ठेवले होते. घरात सगळे त्याला बाळ म्हणत, आणि देशाला माहीत झाले ते बाळ गंगाधर टिळक. गागोद्याच्या विनायक भाव्यांना आई विन्या म्हणे. गांधीजींच्या आश्रमात ते विनोबा झाले. ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाचे ते नाव आपल्या मातीला इतके मानवले की विनायक मागेच राहिला.

आणि कल्याणची एक लेक. १८६५ साली जन्मलेली यमुना. नऊ वर्षांची असताना लग्न झाले आणि नाव आनंदी झाले. त्याच आनंदीबाई जोशी सातासमुद्रापार जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या काळी मुलीचे पाळण्यातले नाव लग्नापर्यंतच चाले, मुलाचे जन्मभर पुरे. म्हणून मुलाच्या नावाची एवढी खल होई. आज लेकीही आपले नाव जन्मभर चालवतात. तेव्हा तिच्या नावालाही तेवढाच विचार द्या.

आता मुख्य मुद्दा. मुलाला देवाचे नाव का ठेवायचे? भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकला आहे. वाट चुकलेल्या त्या माणसाने धाकट्या मुलाचे नाव नारायण ठेवले होते. मरणसमयी त्याने हाक मारली ती मुलाला, पण तोंडात आले ते नारायणाचे नाव, आणि विष्णुदूतांनी त्याला सोडवले. नीट लक्ष द्या: अजामिळ तरला तो हाकेने. मुलाचे नाव नारायण ठेवून तो जन्मभर त्याला भलत्याच नावाने हाक मारत राहिला असता, तर शेवटी ओठांवर काय आले असते? जे रोज घेतले तेच.

म्हणून आजच्या घरांची खरी अडचण इथे आहे. आजीचे मन राखायला कागदावर 'पांडुरंग' लिहितात आणि दिवसभर हाक मारतात 'गोलू'. मग पांडुरंग शाळेच्या पटावर आणि आधार कार्डावर राहतो. तो घरात येतच नाही. आजी देवाचे नाव मागते ते कागद सजवण्यासाठी नाही. सून स्वयंपाकघरातून, आजोबा गॅलरीतून दिवसाकाठी पन्नास वेळा ज्याला हाक मारतील, त्या हाकेत हरि यावा, एवढेच तिचे मागणे असते.

मग सोन्याचे काय करायचे? नामदेवरायांचे घर वाट दाखवते. मोठे नाव असे निवडा की ते प्रेमाने मोडले तरी देव त्यात उरेल. विठ्ठलचा विठू होईल, गोविंदचा गोंदा, मुकुंदचा मुकू, हरीचा हऱ्या. मोडक्या नावाने पुण्य कमी होते का, अशी शंका कोणी घेतो. वाल्या कोळ्याला 'राम' म्हणता येईना. तो 'मरा मरा' म्हणत राहिला आणि वाल्मीकी झाला. आईच्या तोंडचा विठू देवाला कळणार नाही, असे होईल काय?

आणि सोन्या जिभेवर बसलाच असेल, तर त्याला हाकलू नका. त्याच्या शेजारी दुसरे नाव बसवा. आपल्या आगरी-कोळी गावांतली जुनी नावे ऐका: बाळाराम, सावळाराम, तुकाराम. घरातला 'बाळ' आणि देवळातला 'राम' त्यांनी एका नावात सांधले. डोंबिवलीच्या मोठ्या क्रीडा संकुलाला ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचे नाव आहे. विटेवरच्या सावळ्याचा रंग त्या नावात आहे. खेळायला जाणारी पोरे रोज ते नाव घेतात.

थोडे कागदाचेही सांगतो, कारण परमार्थी माणसाने प्रपंचात गाफील राहू नये. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. नाव ठरले नसले तरी नोंद होते. वर्षाच्या आत नाव शुल्काशिवाय घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. नाव नसलेला दाखला कपाटात पडून राहिला की पुढे धावपळ होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळेच्या प्रवेशापासून पुढच्या कितीतरी कामांना हाच दाखला पुरावा आहे. तेव्हा ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, पालिकेच्या कचेरीत वेळेत जा आणि अक्षर न् अक्षर तपासून घ्या.

याच दाखल्याने आणखी एक चांगली गोष्ट आणली आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी त्याचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव येते. ही रीत आपल्याला परकी नाही. सातवाहनांचा थोर राजा स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी म्हणवत असे. आणि ज्ञानोबारायांना माउली म्हणणाऱ्या संप्रदायाला आईच्या नावाचे मोठेपण कोणी वेगळे सांगायला नको.

तेव्हा नवे आई-बाप हो, नाव ठरवताना ते कागदावर लिहून पाहू नका. घरातल्या सगळ्यांनी दाराशी उभे राहून मोठ्याने हाक मारून पाहा. आजीच्या बोळक्या तोंडातून ते नाव येते का, धाकट्या बहिणीला उच्चारता येते का, घाईत मोडले तर त्यात देव उरतो का, एवढे पाहा. मग तांदळावर लिहा, कानात सांगा, आणि पुढे रोज त्याच नावाने हाक मारा.

रामकृष्णहरि.